हात धरलेल्या पेशी

"डोळ्यांत दिवा तोवर देवळात देव, पोरी. मग नुसती घंटा."

दोन्ही डोळ्यांत फूल पडलेली आई गिरगावातल्या खोलीत असं म्हणायची. तिला जाऊन वर्षं लोटली, तरी परळच्या इस्पितळात काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली की डॉक्टर सुनंदेच्या कानी तो आवाज यायचाच.

आजची काचपट्टी रखमाची होती. तिच्या उजव्या बुबुळावर पांढुरकी साय धरली होती, ती खरवडून घेतलेली. पेशी फुगलेल्या, त्यांची केंद्रं मोठाली, काळीभोर. सर्जन जयवंतांनी एकदाच डोकावून कर्करोग ठरवला होता. उद्या सकाळी डोळा काढायचा. सुनंदेचं मन मात्र घेईना. कर्करोगाच्या पेशी एकमेकींना सोडून सैरावैरा पांगतात. ह्या तर फुगडीतल्या बायांसारख्या हात धरून होत्या. भाजलेलं भरून येतानाही पेशी अशाच फुगतात. हे सगळं तिनं जयवंतांना सांगितलं.

"फुगडी बघून ऑपरेशन थांबवू, बाई?" जयवंत हसले. "कशानं भाजलं ते आणा, थांबतो."

ती वॉर्डात गेली. खाटेच्या पायथ्याशी रखमाचा नवरा आनंदा उभा होता, पोलिसातला शिपाई, अंगावर खाकी. लालबागेत मोर्च्यावर पोलिसांनी केलेल्या गोळीबाराला महिनाच झालेला. तो आला की आसपासच्या खाटांवरचं बोलणं थांबे. रखमाला काही विचारावं तर उत्तर त्याचंच. म्हणे, चुलीतली ठिणगी उडाली. सुनंदा म्हणाली, ठिणगी एक ठिपका जाळते, इथं सगळं बुबुळ होरपळलंय. तर म्हणे, मग फोडणी उडाली असेल. रखमा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बोट पांढरं पडलं.

सुनंदा खाटेवर टेकली.

"रखमाबाई, दाहक काही गेलं असेल तर डोळा औषधानं वाचेल. नाहीतर उद्या काढतील. माझ्या काचेत एवढंच दिसतं. पुढचं तुमच्या तोंडात आहे."

"सांगितलं ना, बाई," आनंदा म्हणाला. "चूल."

पलीकडे कुणीतरी खोकलं. रखमानं पदर सोडला आणि पहिल्यांदाच नवऱ्याकडे तोंड केलं.

"चूल नाय. भावाकडं जाते म्हणून सांगितलं नि मोर्च्यात गेले. अश्रुधुराचं नळकांडं माझ्या तोंडाम्होरं फुटलं." तिचा आवाज चिरला, पण थांबला नाही. "तुमी पोलिसांच्या रांगेत होतात. दिसलात, तवा दोन्ही डोळे धड होते माझे."