मैनाबाईचा हात

मैनाबाईच्या पोटात दुखायला लागलं ते डॉक्टर मॅडमच्या एका वाक्यानं. "बघा बघा, या रोशनीचा हात कसला शांत आहे!" एवढंच मॅडम म्हणाल्या आणि मोबाइल काढून त्या हाताचं शूटिंग करायला लागल्या. मैनाबाई शेजारीच उभी होती. आणि तो हात मैनाबाईचा होता हो! मनगट रोशनीचं असेल, बांगडी रोशनीची असेल, पण रीत सगळी मैनाबाईची.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीच्या टोकाला हा कोंबड्यांचा कारखाना. पोल्ट्र्यांवरून गाड्या येतात, क्रेट उतरतात, कोंबड्या आधी सावलीत पंख्याखाली तासभर विसावतात आणि मग टांगणीच्या खोलीत येतात. तिथं बायका एकेक कोंबडी क्रेटमधून काढून, पाय वर करून, फिरत्या साखळीच्या हुकात अडकवतात. पुढचं काम भिंतीपलीकडं. खोलीत दिवा असतो निळा, मंद. त्या उजेडात कोंबडीला धड दिसत नाही, म्हणून ती बुजत नाही. बुजली की फडफडते आणि फडफडली की पंख मोडतो. मरायचं तर तिला आहेच, त्याला काही इलाज नाही. पण मरायच्या आधी भीती नको, कळ नको, एवढं तरी माणसानं बघावं की नाही? तेवढं बघण्यासाठीच जनावरांच्या डॉक्टर तेजस्विनी मॅडम नेमलेल्या.

मैनाबाई इथं नऊ वर्षांची जुनी. निळे दिवे यायच्या आधीपासूनची. तेव्हा पांढऱ्या ट्यूबा होत्या, आणि खोलीत पिसं अशी उडायची की घरी गेल्यावर केस धुवावे लागायचे. तेव्हाही मैनाबाईच्या हातची कोंबडी त्यातल्या त्यात कमी फडफडायची. ही विद्या तिला सासूनं दिलेली. म्हातारी दिवसा कधी कोंबडी धरायची नाही. दिवस मावळला की खुराड्यात हात घालायची, तळवा छातीवर टेकवायची, दोन श्वास थांबायची आणि मग उचलायची.

आठ महिन्यांपूर्वी रोशनी आली. सुरगाण्याकडची पोर, नवऱ्याबरोबर सिन्नरला खोली घेऊन राहिलेली. पहिल्या दिवशी तिनं कोंबडी अशी ओढली की मैनाबाई ओरडलीच. "अगं ए, मेथीची जुडी नाय ती! जीव हाय." मग मैनाबाईनं तिचा हात आपल्या हातात धरला, तळवा कोंबडीच्या छातीवर टेकवला आणि म्हणाली, "आता थांब. तिचा श्वास तुझ्या हाताला लागू दे. दोन श्वास. हां, आता उचल." पोरगी चलाख. चार दिवसांत शिकली. मैनाबाईला तेव्हा अभिमानसुद्धा वाटला होता, आता खोटं कशाला बोला.

पण त्या शूटिंगनंतर सगळं फिरलं. "मावशीनं शिकवलं मला," असं रोशनी म्हणाली खरी, पण मॅडमचं लक्ष मोबाइलमध्ये. मैनाबाईला मात्र वाटलं, हळू म्हणाली. मुद्दाम हळू म्हणाली. पुढं ते शूटिंग कंपनीच्या सगळ्या कारखान्यांत गेलं. मॅडम जेवायच्या सुट्टीत रोशनीशेजारी बसायला लागल्या. रोशनीच्या डब्यातली नागलीची भाकर मागून घ्यायच्या, "काय चव आहे गं!" म्हणायच्या. मैनाबाईच्या बाजरीच्या भाकरीला नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मेली ती भाकर!

त्यातच बातमी आली की टांगणीवर देखरेखीला मॅडम एक बाई नेमणार. तिला हिरवं जाकीट मिळणार. कोंबडीला त्रास होताना दिसला तर ती साखळी थांबवू शकणार, सुपरवायझरलासुद्धा विचारायचं नाही. पुढच्या बुधवारी एका मोठ्या हॉटेल कंपनीचे पाहुणे पाहणीला येणार होते, त्यांच्यासमोर रोशनी हात दाखवणार आणि त्यानंतर मॅडम नाव सांगणार.

"काय मैनाबाई, तुमची चेलीच तुमच्यावर साहेबीण व्हायची आता," शेजारच्या हुकावरची ठमाबाई हसत म्हणाली.

"होऊ दे की. माझं काय जातंय?" मैनाबाई म्हणाली. आणि जात तर सगळंच होतं. रात्रभर तिला ते हिरवं जाकीट दिसायचं, आणि त्याच्यात रोशनी. आपण वाकून काम करतोय आणि ही टीचभर पोरगी मागं हात बांधून उभी! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. रोशनीनं "मावशी, चहा आणू का?" विचारलं तरी तिला त्यात मिजास दिसायची. नाही विचारलं तर ती जास्तच दिसायची.

बुधवारी पाहुणे अकराला आले. मॅडम त्यांच्यातल्या दोघांना घेऊन ऑफिसात कागद दाखवत बसल्या. उरलेल्या तिघांना सुपरवायझर सोमनाथ थेट टांगणीच्या खोलीत घेऊन आला. रोशनी पुढच्या हुकापाशी उभी, नवे हातमोजे, कपाळावर घाम. मैनाबाई तिच्या मागं, दुसऱ्या क्रेटपाशी.

एक पाहुणा डोळे बारीक करून म्हणाला, "इथं तर काहीच दिसत नाही. शूटिंग कसं यायचं?"

"एक मिनिट, साहेब," म्हणून सोमनाथ भिंतीकडं गेला. साफसफाईच्या वेळी लावायच्या पांढऱ्या ट्यूबांचं बटण तिथं होतं. ते त्यानं दाबलं. खोली लख्ख झाली.

मैनाबाईनं वर पाहिलं. तिच्या जिभेवर शब्द तयार होते, "सोमनाथभाऊ, बंद करा ते." पाच शब्दही नव्हते. नऊ वर्षांपूर्वीची पिसं तिच्या डोळ्यांपुढं उडाली. मग तिची नजर खाली आली ती रोशनीच्या पाठीवर. त्या नव्या हातमोज्यांवर. शिकव की आता सगळ्या कारखान्यांना, तिच्या मनात आलं. तुझा हात लय शांत ना? दाखव. मैनाबाईनं तोंड मिटलं आणि क्रेटमध्ये वाकली.

रोशनीनं कोंबडी काढली, छातीवर तळवा टेकवला. एक श्वास. दोन श्वास. कोंबडीनं मान वळवून उजेडाकडं पाहिलं आणि जी उसळली ती रोशनीच्या तोंडावरच. क्रेटमधल्या बाकीच्याही उठल्या. कालवा, धूळ, पिसं. पाहुणे मागं सरले. रोशनीनं घाबरून आवळून धरलं, एक पाय हुकात बसला, दुसरा निसटला, आणि फडफडत्या पंखातून कट्‌ असा आवाज झाला. बारीकच. पण मैनाबाई तो नऊ वर्षांत ओळखायला शिकली होती. तिच्या स्वतःच्या मनगटातून कळ गेली.

रोशनीनं मागं वळून पाहिलं. पाहुण्यांकडं नाही, सोमनाथकडं नाही. मैनाबाईकडं. मैनाबाईनं मान खाली घातली.

मॅडम धावत आल्या. आधी ट्यूब बंद केल्या, मग साखळी थांबवली. मोडक्या पंखाची कोंबडी त्यांनी स्वतः हलकेच सोडवली आणि तिला कळा सोसत ताटकळावं लागू नये म्हणून सगळ्यांच्या आधी पुढं पाठवली. सोमनाथला पाहुण्यांसमोरच असं झापलं की त्याचा चेहरा उतरला. पाहुण्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

दुपारी मॅडमनी बायकांना गोळा केलं. "दिवे लागले तेव्हा कुणीच कसं बोललं नाही? मैनाबाई, तुम्ही तर जुन्या."

"मी क्रेटात वाकले होते, मॅडम," मैनाबाई म्हणाली. "माझं ध्यानच नव्हतं." किती सहज आलं तोंडात!

"तरीच. तुम्ही पाहिलं असतं तर बोलला असता, खात्री आहे माझी." मॅडमनी रोशनीकडं पाहिलं. "नुसता हात चांगला असून चालत नाही गं. वेळेवर बोलावं लागतं. त्या बिचारीला तोंड नाही, म्हणून आपलं तोंड लागतं."

सोमवारी हिरवं जाकीट मैनाबाईच्या अंगावर आलं. घरी तिनं ते दोनदा आरशात पाहिलं. खांद्यात थोडं सैल होतं, पण शोभत होतं. ठमाबाईनं पेढ्याची मागणी केली.

पण कामावर उभी राहिली आणि तिला कळेना, हात कुठं ठेवावेत. जाकीटवाल्या बाईनं कोंबडीला हात लावायचा नाही, असा नियम. बघायचं फक्त. ती बघत राहिली. समोर निळ्या उजेडात रोशनी क्रेटवर वाकली, छातीवर तळवा टेकवला, थांबली. कोंबडी जागच्या जागी निवली. सासूचा हात, आपला हात, आणि आता तो त्या पोरीपाशी. मैनाबाईच्या पोटात पुन्हा तेच दुखायला लागलं. जाकीट मिळालं तरी! काय म्हणावं या जिवाला?

सुट्टी झाली. नळावर दोघीच होत्या. रोशनीनं पेला भरला आणि आधी मैनाबाईपुढं धरला.

"मावशी, एक विचारू? त्या दिवशी ट्यूब लागली तवा मी वळून बघितलं, तुम्ही वर बघत होता."

मैनाबाईनं पेला हातात घेतला. आता भांडणार ही. मैनाबाई भांडणाला तयारच झाली. "बघितलं असंल. मग?"

"मग काय नाय." रोशनीनं ओले हात पदराला पुसले. "उजेड मलाबी लय वाटला. मी बोलणारच होते. पण तुम्ही बघितलं आन्‌ गप राहिल्या. मला वाटलं, मावशीला चालतंय म्हणजे कोंबडीलाबी चालत असंल."

एवढं बोलून ती आत गेली. मैनाबाई पेला हातात धरून नळापाशीच उभी राहिली. पाणी वाहत होतं, आणि बंद करायचं तिच्या लक्षात आलं नाही.