तिसऱ्या गुरुवारचा कुपा

ही गोष्ट सन दोन हजारची. त्या वर्षी मार्गशीर्ष आणि रमजान एकदमच आले होते. आमच्या भिवंडीच्या गल्लीत गुरुवारी दुपारी कोणाच्याच घरात चूल पेटलेली नसायची. आमच्याकडच्या बायकांना महालक्ष्मीचा उपास आणि पलीकडच्या कोकणी मुसलमानांच्या घरांत रोजे. मागच्या कारखान्यातले लूम तेवढे चालू असायचे. उपाशी पोटी ती खटखट डोक्यात जाते.

मी तेव्हा पन्नाशीला आले होते. आता पंच्याहत्तरीला जिना चढताना दम लागतो तो वेगळा. तेव्हाचा थकवा अंगातला नव्हता. नवरात्रात माझी मनाली दिघाशीहून, सासरहून, एक पिशवी घेऊन परत आली होती. तिच्या नवऱ्याने, नवशाने, तिसऱ्यांदा हात उचलला होता. तेव्हापासून मला रात्रीची झोप नव्हती आणि दिवसा बोलायचं बळ नव्हतं.

डिसेंबर लागला आणि मनालीचा सासरा महादू चार माणसं घेऊन आमच्या ओटीवर येऊन बसला. पोरगी किती दिवस ठेवणार, लोक काय म्हणतील, सगळं बोलून झालं. शेवटी माझे यजमान, बाळाराम, म्हणाले, "पंधरा दिवसांत तिला कुठं काम लागलं तर ती इथंच राहील. न्हाय लागलं तर सतरा तारखेच्या रविवारी मी सोता आणून सोडतो."

महादू चहा पिऊन गेला. बाळाराम दिलेला शब्द कधी फिरवत नसत. गावात त्यांचा मान होता तो त्याचसाठी, आणि मला भीती होती तीही त्याचीच.

काल्हेरला आमच्या जमिनीवर गोदाम झालं होतं. कंपनीने तिथंच बाहेरच्या साहेबलोकांसाठी गेस्ट हाऊस बांधलं आणि तिथलं स्वयंपाकघर मॅनेजरच्या बायकोच्या हातात होतं. बाळाराम तिच्याकडे शब्द टाकायला गेले. मॅडम म्हणाली, "मसाल्याचं कालवण करणाऱ्या बायका मला रोज भेटतात. आमच्या पाहुण्यांना ते झेपत नाही." आणि तिने एका कागदावर एक सॅलड लिहून दिलं. मॅकरोनी, डब्यातला तूना मासा, काकडी, टोमॅटो, कांदा, घट्ट दही, लिंबू, मिरपूड. खाली लिहिलं, मीठ चवीप्रमाणे. "गुरुवारी चार वाजता मुलीला हे करून घेऊन येऊ दे. घरी केलेलं, पण ताजं हवं. सकाळी करून ठेवलेलं मला कळतं. अर्ध्या तासाचं तर काम आहे."

तूना म्हणजे काय ते आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. मी कागद घेऊन शेजारी नसीबाकडे गेले. नसीबा आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन त्या गल्लीत आलो होतो. ती कागद बघून हसायला लागली. "अगो, तूना म्हंजे कुपा! माझा पोरगा शादाब मस्कतहून डबे आणतो ते. एक हाय माझ्याकडे. मॅकरोनीची पुडी पन हाय."

कुपा! काळपट मांसाचा मासा. बाजारात दुसरं काही उरलं नाही तर आम्ही तो घ्यायचो. "साहेबलोक कुपा खातात?" मी म्हणाले.

"थंडगार खातात," नसीबा म्हणाली. "पैसेवाल्यांचं असंच असतं. आपन गरम करायला मरतो."

पण गुरुवार मार्गशीर्षातला होता. बाळाराम म्हणाले, "घरात घट बसलाय. माशाचा डबा उंबऱ्याच्या आत न्हाय." मनालीने तर नोकरीसाठीच मागच्या गुरुवारपासून उपास धरला होता, पाणीसुद्धा न पिता. तेव्हा ठरलं की नसीबाच्या स्वयंपाकघरात करायचं. दुपारची नमाज होऊन इफ्तारच्या तयारीला लागेपर्यंत तिचा ओटा मोकळाच असायचा.

दोन वाजता आम्ही तिघी आत शिरलो. नसीबा भिंतीला टेकून पाटावर बसली. रोजा सतरावा होता, तिचे ओठ सुकले होते.

"बस गो कमळ, उभ्यानं दमशील."

"बसले तर उठायची न्हाय," मी म्हणाले.

डबा उघडायचं यंत्र नव्हतं. मनालीने सुरी टेकवून वर वरवंटा मारला. डब्याची इंग्रजी बाजू बॅगेत घासून पुसली होती, राहिली होती अरबी. नसीबाला अरबी वाचता यायचं, अर्थ मात्र येत नव्हता. तिने एकेक अक्षर घोळवून छान वाचून दाखवलं. आम्ही माना डोलावल्या.

मनालीने मॅकरोनी उकळत टाकली. पाण्यात मीठ घातलं. मी मासा ताटलीत काढला, आणि माझा हात मिठाच्या बरणीकडे गेला. आमच्यात मासा हाताला लागला की आधी मीठ. मग बाकीचं सगळं. लहानपणी मी एकदा विसरले तेव्हा आईने उलथन्याने हातावर मारलं होतं. मी त्या कुप्याला मूठभर मीठ चोळलं आणि बाजूला ठेवला. नसीबाने बघितलं, तिला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. तिच्या घरातही असंच करतात.

काकडी बारीक चिरली, टोमॅटोच्या बिया काढल्या, कांदा पाण्यात बुडवून त्याचा उग्रपणा काढला. मॅकरोनी चाळणीत ओतून वर गार पाणी घातलं. दही फडक्यात बांधून ठेवलेलं होतं, ते फेटलं. लिंबू, मिरपूड, शेवटी मासा. वीस मिनिटांत परातीत एक हिरवं-लाल-पांढरं काहीतरी तयार झालं. दिसायला फार सुरेख होतं.

मनालीने कागद वाचला. "मीठ चवीप्रमाणे."

"कोनाच्या चवीप्रमाणे?" नसीबा म्हणाली.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. तिला रोजा. मला उपास. मनालीला निर्जळी. गल्लीतल्या बाकीच्या बायकांची तीच गत. मागच्या लूमवरच्या कामगारांतल्या अर्ध्यांना रोजा आणि उरलेल्यांना मासा वर्ज्य.

"मला वासावर मीठ कळतं," मी म्हणाले. खरंच कळायचं, पण आमच्या कालवणाचं. मी वाकून वास घेतला. लिंबाशिवाय काही कळलं नाही. "कमीच हाय," मी म्हणाले आणि आणखी चिमूटभर घातलं.

डबा भरताना मनालीच्या हातून माशाचा एक तुकडा खाली पडला. नसीबाची मांजर टपूनच होती. तिने तो उचलला, चावला, आणि सरळ मोरीत गेली. बादलीच्या कडेला पाय टेकून पाणी प्यायला लागली. प्यायली, तोंड वर केलं, परत प्यायली.

नसीबा म्हणाली, "ही मांजर माझ्याकडे सात वर्षं हाय. मासा खाऊन पानी पिताना मी कधी बघितली न्हाय."

मनालीने डबा खाली ठेवला. "आये, खारट झालंय."

"चाखून बघायला पायजे," नसीबा म्हणाली. "जिभेला लावून थुकायची मुभा असते म्हनतात. पन माझ्या सासूनं कधी केलं न्हाय, मी बी न्हाय केलं. आज जीभ पन सुकलेय, काय कळनार मला?"

मनालीने चमचा घेतला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"तुझा उपास ज्याच्यासाठी हाय, त्याच्यासाठीच मोडशील? गप बस."

"मग तुझा, आये? बाबांसाठी, घरासाठी…"

"घरात तू येत न्हाय का?"

तेवीस वर्षं मी ते गुरुवार केले होते. एकदाही मोडला नव्हता, तापातसुद्धा नाही. मी चमचाभर तोंडात घातलं. आधी गार लागलं, मग लिंबू, आणि मग भरतीच्या वेळी खाडीचं पाणी तोंडात जावं तसं. थुंकावंसं वाटलं. पण अन्न थुंकायचं नाही म्हणून गिळलं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मी कुपा गिळला.

"तोंडात धरवत न्हाय," मी म्हणाले.

पावणेतीन झाले होते. सव्वातीनला रिक्षात बसायला हवं होतं. दुसरा डबा नव्हता. नसीबा उठली. तिने परात चाळणीत उपडी केली आणि सगळंच धुऊन काढलं, दही, लिंबू, सगळं मोरीत. मासा वेगळा वेचून दोन पाण्यांत धुतला, हाताने हलके पिळला. मनालीने पुडीतली उरलेली मॅकरोनी बिनमिठाच्या पाण्यात उकळली. मी काकडी चिरली. दही संपलं होतं. नसीबाने इफ्तारच्या वड्यांसाठी काढून ठेवलेलं दही फडक्यात घालून दोन्ही हातांनी पिळलं.

"तुझे वडे?" मी विचारलं.

"वडे उद्या बी होतील. पोरगी रविवारी जाईल."

परत कालवलं. मी परत चाखलं. मग लिंबू पिळून परत. एकदा मोडला तो मोडला. तिसऱ्या चमच्याला म्हणाले, "चालंल." मनाली डबा घेऊन धावली.

ती गेल्यावर आम्ही दोघी परातीशेजारी बसून राहिलो. नसीबा म्हणाली, "लक्ष्मी पन बाईच हाय ना. समजंल तिला." मी घरी आले. अंघोळ केली, चूळ भरली, संध्याकाळी पोथी वाचायला घटासमोर बसले. तोंडातला कुपा जात नव्हता.

"उपास जड जातोय का?" बाळारामांनी विचारलं. "तोंड उतरलंय तुझं."

"हो," मी म्हणाले.

मनाली दिवेलागणीला आली. मॅडमने उभ्याउभ्याच दोन चमचे खाल्ले होते आणि म्हणाली होती, "मीठ कमी आहे." मनालीने डब्याला झाकण लावायला घेतलं. मग मॅडम पुढे म्हणाली, "पण कमी असलेलं बरं. वरून घालता येतं. जास्त झालेलं काढता येत नाही. सोमवारपासून ये."

रविवारी बाळाराम दिघाशीला एकटेच गेले आणि एकटेच परत आले.

दोन महिन्यांनी शादाब मस्कतहून आला तेव्हा कळलं की त्या डब्यावर अरबीत लिहिलेलंच होतं, मासा मिठाच्या पाण्यात आहे म्हणून. नसीबा इतकी हसली की तिला ठसका लागला.

नवशाने दुसरं लग्न केलं. ती बाईही चार वर्षांत माहेरी गेली असं ऐकलं. महादू गेला. मॅडमच्या नवऱ्याची बदली झाली, जाताना ती मनालीला मिक्सर देऊन गेली. मनाली त्या गेस्ट हाऊसवर अकरा वर्षं होती, मग तिने राहनाळला गोदामवाल्यांसाठी स्वतःची खानावळ काढली. परत लग्न केलं नाही. त्या खानावळीत कुप्याचं सॅलड मिळत नाही, भात-कालवण मिळतं.

शादाब मस्कतलाच स्थायिक झाला. नसीबा सहा वर्षांपूर्वी गेली, रमजानच्या आधीच्या महिन्यात. माझ्या मोडलेल्या उपासाचं गुपित मनाली सोडली तर तिच्या एकटीच्याच पोटात होतं, ते तिच्याबरोबर गेलं.

बाळाराम दोन हजार नऊमध्ये गेले, झोपेतच. मी त्यांना कधी सांगितलं नाही. मार्गशीर्ष आला की मनात येतं, त्या तीन चमच्यांमुळे तर नसेल? मग वाटतं, नऊ वर्षं थांबायला देवीला काय पडलं होतं. तरी येतंच मनात.

मी अजून गुरुवार करते. बाकीच्या दिवशी सून बाजारातून मासळी आणते. डॉक्टरांनी मला मीठ बंद केलंय, हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही. पण पिशवी ओट्यावर आली की मी उठून मीठ लावून ठेवते आणि सून मागून येऊन धुऊन टाकते. हात ऐकत नाहीत.