गावचा जावई

सगुणाबाईच्या माहेरी, दिंडोरीकडच्या त्या गावात, लेक कुणाचीही असो, तिचा नवरा साऱ्या गावाचा जावई. तो दिसला की बायकांनी डोक्यावर पदर घ्यायचा, चहा पाजल्याशिवाय त्याला सोडायचं नाही आणि अहो-जाहोशिवाय बोलायचं नाही. बाईला गाव सोडून पस्तीस वर्षं झाली होती. गंगापूर रोडला फुलं विकता विकता निम्मे केस पिकले, पण ही खोड काही गेली नाही.

म्हणून सोमवारी रूपालीचा नवरा अमित हातगाडीसमोर मोटारसायकल लावून उभा राहिला, तेव्हा बाईनं आधी पदर सावरला आणि मग विचार केला. खरं सांगायचं तर विचार केलाच नाही. रूपाली तिच्या भावकीतली, तिला आत्या म्हणणारी. पलीकडच्या गल्लीत एकटीच खोली घेऊन राहायची, जवळच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. अमितच्या माराला कंटाळून तिनं घटस्फोट घेतला, त्याला आठ महिने झाले होते, हे बाईला पक्कं ठाऊक होतं. पण कोर्टाच्या शिक्क्यानं नवरा-बायको सुटत असतील, गावाचा जावई थोडाच सुटतो, असं तिचं आपलं साधं गणित.

"आत्या, चुकलं माझं," तो चक्क तिच्या पाया पडला. "एकदा भेटून माफी मागायचीय. फोनच उचलत नाही ती."

जावयाचे डोळे भरलेले पाहून बाई विरघळली. शेजारच्या नारळपाणीवाल्या काळूला तिनं कौतुकानं सांगितलं, "आमचे जावई हायेत, सिन्नरचे!" दोन चहा मागवले. आणि चहा पिता पिता रूपाली कुठे कामाला आहे, साडेपाचला कशी सुटते, कोणत्या गल्लीत वळते, सगळं सांगून टाकलं. मोडलेला संसार आपल्या हातून जुळतोय म्हणून ती दिवसभर खूश होती.

मंगळवारी साडेपाचला रूपाली आली ती धावतच. मागे अमित. हातगाडीपाशी त्यानं तिची वेणी धरली आणि फाडकन तोंडात मारली. झेंडूची पाटी कलंडली.

"कोर्टात माझं नाक कापतेस?" तो ओरडला आणि त्यानं पुन्हा हात उचलला.

दोन रिक्षा थांबल्या. वरच्या बाल्कन्यांतून माणसं डोकावली. हेल्मेट घातलेला एक जण पुढे सरसावला, तर काळूनंच त्याला अडवलं.

"राहू द्या साहेब. त्यांचे जावई हायेत. घरातलं भांडण हाय ते."

तो माणूस गप मागे झाला. शब्द सगुणाबाईचेच होते, काल तिनंच मिरवलेले. आणि सांगायला लाज वाटते, पण तिचा हात याही वेळी डोक्यावरच्या पदराकडेच गेला होता.

तेवढ्यात रूपालीनं तिच्याकडे पाहिलं. ओठ फुटलेला, वेणी त्याच्या मुठीत, आणि पोरगी म्हणते काय, "आत्या, तुम्ही लांब व्हा, तुम्हाला लागेल."

झालं. बाईनं पदर कमरेला खोचला, फुलांवर शिंपडायची पाण्याची बादली उचलली आणि अख्खी त्याच्या तोंडावर मारली. तो गुदमरून मागे सरला तशी ती दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"आत्या, बाजूला व्हा. आमच्या दोघांचं आहे हे," अमित गुरगुरला.

"तुमचं दोघांचं आता काय बी नाय! काडीमोड झालाय तुझा. परत हात लाव पोरीला, मग दावते तुला!"

गावच्या जावयाला अरे-तुरे करायची तिची उभ्या जन्मातली ही पहिलीच वेळ. पस्तीस वर्षं फुलांचे भाव ओरडून कमावलेला आवाज पार सिग्नलपर्यंत गेला. "काळू, बघत काय बसला? हा आमचा जावई नाय, कोणीच नाय! धर त्याला, आन् पोलिसला फोन लावा कुणीतरी!"

काळूनं अमितची कॉलर धरली. हेल्मेटवाल्यानं मोटारसायकलची किल्ली काढून घेतली. रिक्षावाल्यानं ११२ फिरवला. माणसं वाईट नव्हतीच. त्यांना फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगायला बाईनं फार उशीर केला होता.

पोलीस चौकीत जबाब लिहिताना हवालदारबाईंनी विचारलं, "तुमचा ठावठिकाणा याला कसा लागला?"

"कुणास ठाऊक," रूपाली म्हणाली. "मी तर गावात कुणाला कळू दिलं नव्हतं. पाळत ठेवली असेल."

बाई मूग गिळून बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. उलट सगळे तिचं कौतुकच करत होते.

"मी सांगितला," ती म्हणाली. "काल. चहा पाजून सांगितला."

रूपालीनं चार शिव्या दिल्या असत्या तरी बाईला बरं वाटलं असतं. पण तिनं हवालदारबाईंना एवढंच म्हटलं, "हेही लिहून घ्या."

बाहेर आल्यावर तिनं नेहमीसारखा बाईचा हात धरून रस्ता ओलांडला.

"आज तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं, आत्या," ती म्हणाली. "पण मी आता खोलीही बदलणार, कामही. आणि नवीन पत्ता तुम्हालाही देणार नाही."

बाईचे डोळे घळघळा वाहायला लागले. ते तिनं पुसलेही नाहीत.

"नको देऊ, बाळा. मी मागितला तरी नको देऊ."