संत अगाथाचं ताट

रमाबाईंनी गाठ नागपूरहून बरोबर आणली होती. तिथल्या इंदोरा वस्तीतलं घर सोडताना ती बोराएवढी होती. अमेरिकेत, श्रूजबरीला लेकीकडचा मुक्काम संपत आला तोवर आवळ्याएवढी झाली. उपासनाला सांगायचं, एवढंच ठरवून त्या विमानात बसल्या होत्या. पण लेक एकटी सापडेल तर ना! व्याही सुभाषराव सदा सोफ्यावर ठाण मांडून, आणि त्यांच्या कानावर छातीचा विषय जायचा म्हणजे रमाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं.

परतीच्या आधीच्या रविवारी उपासना सगळ्यांना म्युझियममध्ये घेऊन गेली. तिथे इटलीतल्या कुठल्याशा चर्चच्या वेदीवरची जुनी, चित्र रंगवलेली लाकडी फळी होती. सोनेरी रंगावर शांत चेहऱ्याची तरुण बाई, हातात ताट.

"अरे वा, ही तर आपली सुजाता!" सुभाषराव खूश झाले. "बघा ताई, तथागतांना खीर घेऊन निघालीय."

नात अनिका खालची पाटी वाचत होती. "नो आजोबा, शी इज सेंट अगाथा. दोज आर हर..."

"पाव आहेत," उपासनाने घाईघाईने तिचा दंड दाबला. "गरिबांना वाटायची ती."

रमाबाई जवळ गेल्या. पावाला मधोमध गुलाबी टोक कुठे असतं? खरं सांगायचं तर त्यांना धीर आला. कापलेले स्तन ताटात घेऊन ही बाई चारचौघांत उभी होती, मान वर करून.

"उपासना, पाव नाहीत गं ते," त्या हळूच म्हणाल्या. "मलाही तुला..."

"आई, प्लीज! बाबा ऐकताहेत," उपासना दबक्या आवाजात खेकसली. "घरी बोलू."

रमाबाईंना तिचा राग आला नाही. ही लाज त्यांनीच तिला शिकवली होती, पोर वयात आली तेव्हा, डोळे वटारून. आता तिला कुठल्या तोंडाने दोष देणार?

घरी बॅगा भरायच्या होत्या, सुभाषराव वजनकाटा घेऊन मदतीला हजर. बोलणं राहिलं ते राहिलंच.

एअरपोर्टवर उपासना रडत गळ्यात पडली. रमाबाईंनी डावा हात छातीशी आडवा धरून तिला उजव्या बाजूला घेतलं.

"आई, नीट जवळ तरी घे ना."

"पुढच्या वेळी," रमाबाई म्हणाल्या.