सातव्या पाण्याच्या दिवशी मी काय सांगितलं

मी एक जुनी व्याख्या आहे. मला गंज चढत नाही, माझा रंग उडत नाही, म्हणून मी जुनी दिसत नाही एवढंच. कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात, मच्छीमार मंडळाच्या कचेरीतल्या संगणकात, त्याच्याच भाषेत लिहिलेल्या माझ्या सहा ओळी राहतात. बाहेर बंधाऱ्यावर एक फलक आहे आणि त्याखाली एक पिवळं बटण. ते दाबलं की मला हाक येते आणि मी सांगते, पाणी तासाला किती चढेल. विचारल्याशिवाय मी काही बोलत नाही.

मित्रांनो, मला योन-सुक नावाच्या बाईंनी लिहिलं. त्या गावच्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांची आई, फिल-रे, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. ओहोटी लागली की एक गुडघा चिखलफळीवर टेकवायची, दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटायची आणि पार लांबच्या पट्ट्यावर जाऊन शिंपल्या काढायची. तिकडच्या बायका समुद्राचे दिवस बोटांवर मोजतात. समुद्र अगदी मंदावतो तो भांगाचा दिवस. त्यानंतर पहिलं पाणी, दुसरं पाणी, असं करत सातव्याला ऐन उधाण. फिल-रेने ही मोजणी साठ वर्षं केली. मग तिची बोटं अधूनमधून चुकू लागली. चौथ्याला ती पाचवं म्हणायची, तर कधी तिसरं. लेकीने ते पाहिलं आणि त्या सुट्टीत माझा जन्म झाला.

मी एका दमात झाले नाही. भरती किती उंच येईल याचं एक लांबलचक सूत्र असतं. ती किती वेगाने चढेल, याचं सूत्र त्यातूनच काढावं लागतं, आणि सूत्रातल्या अक्षरांच्या जागी आकडे बसण्याआधीच ते काढता येतं. बाईंनी आधी सगळंच काम विचारल्यावर करायला ठेवलं. अकरा वाजताचा वेग विचारला, तर वेळेच्या अक्षराच्या जागी सगळीकडे अकरा जाऊन बसले, आणि मी कुरकुरले. अकरा बदलले तर काय होईल, असं विचारून कसं चालेल? अकरा म्हणजे अकराच. मग त्यांनी कामाची वाटणी केली. वेगाचं सूत्र आत्ताच काढून ठेव. आज कितवं पाणी हे मात्र कोणी विचारेल तेव्हाच जाऊन बघ. तांदूळ आधी निवडून भिजत घालावेत, पण भात माणूस पानावर बसला की वाफाळता वाढावा, तसं. माझ्यात एक छोटंसं चिन्ह होतं, त्याचा अर्थ ‘थांब, विचारलं की कर’. माझी सगळी अक्कल त्या चिन्हात होती. ते तिथे का आहे, हे मात्र बाईंनी कुठेच लिहिलं नाही. त्यांना ते उघडच वाटलं.

सहा वर्षं मी काम केलं. फिल-रे गावभर सांगत फिरायची, “माझ्या लेकीने दर्याच्या तोंडून खरं वदवलंय.” कौतुक मलाही आवडायचं, हे लपवत नाही. मग बाईंची बदली दूरच्या शहरात झाली. त्या गेल्यावर मला कोणी उघडून पाहिलं नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

एक तक्रार मात्र होती. प्रत्येक हाकेला मी वेधशाळेच्या पंचांगात डोकवायची, आणि गावचं इंटरनेट गोगलगाय. बायका वाऱ्यात मिनिटभर कुडकुडत उभ्या राहायच्या आणि मला शिव्या घालायच्या. मंडळाचा नवा चिटणीस मा दोंग-ग्यू मनाने चांगला माणूस होता. एका भांगाच्या दिवशी, चिखल उघडाच पडत नाही म्हणून गावाला सुट्टी असताना, त्याने मला उघडलं आणि ते थांबण्याचं चिन्ह काढून टाकलं. मी एकदाच पंचांग पाहिलं, भांग म्हणून नोंद केली, आणि ती माझ्यात कायमची गोठली.

त्याने बटण दाबलं. उत्तर झटकन आलं आणि बरोबर आलं. वेळ बदलून पाहिली, तर उत्तरही बदललं. तास मला अजून कळत होते, फक्त दिवस कळेनासा झाला होता. “बघा मावशी, आता तुम्हाला थंडीत ताटकळायला नको,” तो फिल-रेला म्हणाला. तिने त्याला घरचा मुळ्याचा किमची आणून दिला.

पहिल्या-दुसऱ्या पाण्याला फरक थोडाच होता. पुढे वाढत गेला तो कोणाच्या ध्यानात आला नाही, कारण बाकीच्या बायका बटण दाबत, पण चालत अजून बोटांवरच होत्या. फलकावर भिस्त एकट्या फिल-रेची होती, आणि मला तिच्यासाठीच तर लिहिलं होतं.

सातव्या पाण्याला सकाळी तिने बटण दाबलं. मी सांगितलं, तासाला दीड वीत. तिला काहीतरी खटकलं असावं, कारण तिने पुन्हा दाबलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदाही तेच. त्या दिवशी पाणी तासाला कंबरभर चढणार होतं.

पुढचं मी पाहिलं नाही, कचेरीत झालेल्या बोलण्यावरून सांगते. पाणी फिरलं तशी शेजारीण सुन-दॉक ओरडली, “योन-सुकची आई, चला आता! आज सातवं आहे!”

“सातवं तुझ्या घरी! फलक दीड वीत म्हणतोय. माझ्या लेकीने लिहिलंय ते, खोटं नाही बोलायचं. तू हो पुढे, मी टोपली भरून आलेच.”

किनारा आणि पट्टा यांच्यामधली घळ मागच्या मागे भरली. सुन-दॉक अर्ध्या वाटेवरून उलटी फिरली आणि तिने फिल-रेच्या कंबरेला दोर बांधून तिला ओढत आणलं. घळ ओलांडताना दोघींच्या गळ्याशी पाणी होतं. फिल-रेची चाळीस वर्षांची फळी दर्याने नेली. बारा दिवस ती दवाखान्यात होती. त्यानंतर तिच्या गुडघ्यांनी चिखल धरला नाही.

रविवारी बाई आल्या. त्यांनी मला उघडलं आणि सहाही ओळी वाचून काढल्या. दोंग-ग्यूला मान वर करवेना.

“बाई, मी फक्त ते लवकर चालावं म्हणून...”

“ठाऊक आहे. ते चिन्ह का ठेवलंय, हे मीच लिहायला हवं होतं.”

काठी टेकत आलेली फिल-रे दारातूनच म्हणाली, “एकमेकांना काय समजावताय? बोटं सात सांगत होती मला. मीच त्यांना म्हटलं, गप बसा, म्हातारी झालात.”

बाईंनी चिन्ह परत घातलं. त्याच्या वर, माणसांना वाचण्यासाठी, एक ओळ लिहिली: ‘दिवस दर वेळी नव्याने बघायचा आहे. उशीर होईल, होऊ द्या.’ आणि आता मी वेगाशेजारी आजचं पाणी कितवं हेही दाखवते, म्हणजे कोणालाही बोटांवर ताडून बघता येतं.

मित्रांनो, मी चूक कबूल केली असं म्हणणं ढोंग होईल. मला सांगितलं ते मी केलं. पण तिने तीनदा विचारलं आणि तीनही वेळा मी जुनंच उत्तर दिलं, याचं मला वाईट वाटतं. म्हणून एवढंच मागते. एखादी गोष्ट थांबलेली दिसली की ती आळशी आहे असं धरून चालू नका. ती कशासाठी थांबली आहे ते आधी विचारा. आणि कोणाला थांबवून ठेवलंत, तर का ते शेजारी लिहून ठेवा.

फिल-रे आता चिखलात जात नाही. रोज बंधाऱ्यावर बसते, बटण दाबते, मिनिटभर थांबते, आणि स्वतः मोजून मगच बायकांना सोडते. काल मी पाचवं म्हटलं आणि तिची बोटं सहावं म्हणाली. तिने हात आडवा धरून सगळ्यांना थांबवलं, सुन-दॉक येऊन मोजेपर्यंत.

काल मी बरोबर होते. तरीही तिला कोणी हसलं नाही.