स्पेअरच्या तीन पेट्या

विठ्ठलरावांचं जिनिंग बंद पडलं तेव्हा वणीत कुणाला नवल वाटलं नाही. कापसालाच कुणी विचारत नव्हतं, तिथं सरकी काढणाऱ्या यंत्राला कोण विचारणार? नवल वाटलं ते त्यांनी वडिलांची काळी मोटार विकायला काढली तेव्हा. इंग्रजांच्या काळातली ती गाडी लग्नात आणि निवडणुकीतच बाहेर यायची. आणि बाहेर आली की स्टिअरिंगवर त्यांचा ड्रायव्हर खेमसिंग.

माझं लोखंडी सामानाचं दुकान जिनिंगच्या फाटकासमोर आहे. त्यामुळे फाटकातून कोण छाती काढून आत गेलं आणि कोण खाली मान घालून बाहेर आलं, हे मला बसल्या जागी कळतं. गाडी जाणार हे कळलं त्या दिवशी विठ्ठलराव छाती काढून हिंडत होते, आणि खेमसिंग माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन नुसताच बसला होता.

त्याचं घर तिकडे तांड्यावर, पण बायको गेल्यापासून तो गाडीच्या शेडमध्येच खाट टाकून राहायचा. गाडी गेली की शेड पडणार होती. खेमसिंगनं गाडीशिवाय दुसरं काही केलंच नव्हतं, आणि दुसरं काही करायचं वय आता राहिलं नव्हतं.

गिऱ्हाईक होतं नागपूरचं. दातांचे डॉक्टर. लोकांचे दात उपटून त्यांनी जुन्या मोटारी जमवल्या होत्या. त्यांनी गाडी पाहिली, पसंत केली आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, गाडीबरोबर आलेले जुने सुटे भाग नीट लाकडी पेटीतच पाहिजेत, पूर्वी येत तसे, प्रत्येक भागाला त्याच्या मापाचा खण. दुसरी गोष्ट त्यांनी खेमसिंगकडे पाहून सांगितली, "मला गाड्या सांभाळायला माणूस लागतोच. हे भाग तुम्ही कसे ठेवता ते पाहतो, मग तुमचं ठरवू."

मूळ पेट्या उधळीनं, म्हणजे वाळवीनं, केव्हाच खाल्ल्या होत्या. म्हणून उकंडा सुताराला बोलावलं. त्यानं जिनिंगच्या छताच्या सागवानी वाशांतून तीन पेट्या केल्या. मॅग्नेटोचा खण, गिअरचा खण, व्हॉल्व्हचे लहान लहान खण. बिजागऱ्या आणि कुलपं माझ्याच दुकानातली. उकंडा महिनाभर पटाशी घेऊन एकेक खण कोरत होता, आणि जाणारा-येणारा विचारायचा, "काहून रे, पोरगी उजवून राह्यले का मालक? रुखवताच्या पेट्या वाटतेत."

काम चांगलं झालं. घोटाळा त्यानंतर झाला.

खणात भाग खुळखुळू नये म्हणून आत काहीतरी मऊ पाहिजे. उकंडा म्हणाला, मखमल आणा. विठ्ठलराव हसले. "मखमल कायले? घरात छतापर्यंत कापूस भरून आहे!" खरंच होतं. त्या वर्षी वणीत कुणाच्या घरी बसायला जागा नव्हती. माणसं ओसरीत आणि कापूस दिवाणखान्यात. शिवाय भाग चकचकीत दिसले पाहिजेत म्हणून विठ्ठलरावांनी त्यांच्यावरचं वर्षानुवर्षांचं ग्रीस पुसायला लावलं. खेमसिंगनं पॉलिश मारून एकेक भाग आरशासारखा केला आणि सरकीसकट कापूस खणात ठासला. जिनिंगवरच्या माणसाला कापूस ठासूनच भरता येतो, हलका भरता येत नाही. मग विठ्ठलरावांनी कुलपं लावली, किल्ल्या करदोट्याला बांधल्या आणि जाहीर केलं, "आता पाहुण्यासमोरच उघडाच्या."

डॉक्टर सोमवारी यायचे होते. शनिवारी सकाळी खेमसिंग पाणी मागायला मागच्या दारी गेला, तर लीलाबाई, म्हणजे विठ्ठलरावांची बायको, हात खाजवत मोलकरणीला सांगत होती, "मी म्हटलं होतं यांले, पाणी नका मारू म्हून. खरेदी केंद्र बंद झालं, कापूस आला घरी परत. आता कसा कुबट वास सुटला, पाह्य!"

खेमसिंगच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "कोन्त्या कापसावर जी, बाईसाहेब?"

"कोन्त्या म्हंजे? समोरच्या खोलीतल्या. दुसरा हाये कुठं?"

वजनाला न्यायच्या आदल्या संध्याकाळी गंजीवर दोन बादल्या पाणी शिंपडायचं, ही रीत आमच्या भागात नवी नाही. पुष्कळांना माहीत आहे, कबूल मात्र कुणी करत नाही. ते पाणी वजनकाट्याच्या कामाचं होतं. आता ते तीन पेट्यांत, पुसून कोरड्या केलेल्या लोखंडाला बिलगून बसलं असणार.

खेमसिंग थेट विठ्ठलरावांपुढे उभा राहिला. "मालक, किल्ल्या द्या. कापूस बदलाचा आहे."

"काहून?"

"ओला आहे म्हन्तेत."

"कोण म्हन्ते?" विठ्ठलरावांनी आवाज चढवला, कारण ओसरीत दोन व्यापारी बसले होते. "माह्या घरच्या कापसावर पाणी? हे बोलणं बाहेर गेलं, त माहा कापूस कोण घेईन, तू?"

खेमसिंग परत आला. गाडी गेली तरी मालकाला घर होतं, शेत होतं आणि बोलायला तोंड होतं. ह्याच्याकडे खाट होती, तीही शेडमधली.

त्यानंतरचे दोन दिवस मी दुकानातून जे पाहिलं, ते पाहून गिऱ्हाइकाला खिळ्यांऐवजी मी वॉशर दिले. खेमसिंग पेट्यांभोवती फिरत होता. कुलपाच्या भोकाला नाक लावून वास घ्यायचा, मग मलाही बोलवायचा. "शेठ, तुम्ही घ्या बरं वास. काही येते काय?"

"सागवानाचा येतो."

"अन् त्याच्या मांगं?"

"मागं तुझा येतो. आंघोळ कर."

तो हसला नाही. त्यानं पेट्या एकट्यानं ओढत उन्हात नेल्या. तासाभरानं उकंडा धावत आला. "अबे खेमसिंग, सागवान तडकन नं! जुना वासा आहे, उन्हात फाकते तो."

"आत गंज चढून राह्यला, उकंडाभाऊ."

"अन् बाहेरून चीर पडली त? डॉक्टर पह्यले पेटी पाहीन का भाग?"

खेमसिंगनं पेट्या सावलीत नेल्या. उकंडा गेला, तशा पुन्हा उन्हात आणल्या. उकंडाच्या सायकलची घंटी वाजली की सावलीत. सोमवारपर्यंत पेट्यांचा जेवढा प्रवास झाला, तेवढा त्या गाडीचाही वर्षभरात होत नसे.

सोमवारी डॉक्टर आले. अंगणात सतरंजी, सतरंजीवर तीन पेट्या. विठ्ठलरावांनी किल्ल्या काढून पहिली पेटी स्वतः उघडली आणि बाजूला झाले, फोटोत यावं तसे.

वास आधी आला. ओल्या गादीचा. डॉक्टरांनी गिअर उचलला, त्याला चिकटलेला कापूस सोलून काढला. कापूस पिवळट तांबडा झाला होता आणि दातादातांत गंजाचे ठिपके होते. त्यांनी तो रोग्याचा जबडा पाहावा तसा उजेडात फिरवला.

"हे कुणी भरलं?"

"म्या, जी," खेमसिंग म्हणाला.

"कापूस ओला होता?"

खेमसिंगनं मालकाकडे पाहिलं. मालकांनी आभाळाकडे. "यंदा थंडीच ओली पडली, डॉक्टरसाहेब," विठ्ठलराव म्हणाले. "दव लई." आम्ही सगळ्यांनी मान हलवली. जानेवारीतलं कडक ऊन आमच्या डोक्यावर होतं.

खेमसिंगनं खरं बोलावं, तर मालकाचा कापूस बुडाला. गप्प बसावं, तर स्वतः बुडाला. तो एवढंच म्हणाला, "वरचा गंज आहे जी. निंगन. हातानं घासा लागन."

डॉक्टरांनी गिअरच्या दातांवरून बोट फिरवलं. "मशीनवर नको," ते स्वतःशीच म्हणाले, "दात झिजतील." मग म्हणाले, "हातानंच काढा. चला बरोबर. हे सगळे भाग स्वच्छ होईपर्यंत राहा, पुढचं पुढं पाहू. बाकीच्या दोन पेट्याही उघडा आणि निघायच्या आधी भागांना तेल लावा." त्यांनी बोट लावून पाहिलेला गंज रुमालाला पुसला आणि विठ्ठलरावांबरोबर पोहे खायला आत गेले.

खेमसिंगचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. त्यानं तेलाचा डबा घेतला, पहिल्या कुलपालाच राहिलेल्या किल्ल्या काढून दुसरी पेटी उघडली, कापूस बाजूला केला. थांबला. मग घाईघाईनं तिसरी उघडली.

"याडीऽ," तो हळूच म्हणाला. आईला हाक मारली की त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं.

उकंडा वाकला. मीही वाकलो. दोन्ही पेट्यांतले भाग लखलखत होते. कापूस कोरडा ठणठणीत, बोटानं दाबला तर सरकी कडकड वाजावी असा.

"पह्यल्या पेटीले गंजीच्या पोटातला घेतला होता," खेमसिंग पुटपुटला. "मऊ लागला म्हून. मंग आंगाले खाज सुटली, त ह्या दोहींत वरवरचा सुकलेलाच भरला."

"मंग चांगलं झालं नं!" उकंडा म्हणाला.

"काय चांगलं? एका पेटीचं काम किती दिवस पुरते, उकंडाभाऊ?"

आम्ही तिघंही त्या चकचकीत व्हॉल्व्हांकडे पाहत राहिलो. इतकं चांगलं ठेवलेलं सामान इतकं वाईट दिसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खेमसिंगनं भराभरा तेल लावलं, कापूस परत टाकला, झाकणं मिटून कुलपं घातली. किल्ल्या मुठीत धरून तो एका पेटीवर बसला.

डॉक्टर बाहेर आले. "काय, ह्या दोहींचेही तसेच हाल?"

खेमसिंग उठला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे त्यानं खरं आणि खोटं दोन्ही टाळलं. "तेल लावलं जी. एकेक भाग हातात घेऊन पाहावा लागन. बारीक काम आहे. घाई केली त बिघडन."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. गंजाचा तो रुमाल त्यांच्या खिशातून अजून डोकावत होता. "चढवा पेट्या."

आम्ही पेट्या मागच्या सीटवर चढवल्या. खेमसिंग स्टिअरिंगवर बसला, डॉक्टर शेजारी. फाटकाबाहेर वरोऱ्याच्या रस्त्याला लागताना मागून वाळूचा ट्रक हॉर्न देत होता, पण काळी मोटार बैलगाडीच्या चालीनं जात होती. डॉक्टर काहीतरी विचारत होते, बहुतेक जरा जोरात का चालवत नाही असं. खेमसिंग मान हलवून त्यांना समजावत होता, की जुनी वस्तू आहे जी, घाई करून चालत नाही.