कोसमटोला ते व्हेनिस

मी एक जुने वेळापत्रक आहे, आणि मित्रांनो, मी आयुष्यात एकदाही खोटे बोललेले नाही. माझ्यात छापलेल्या गाड्यांपैकी एकही आज त्या वेळेला सुटत नाही. काही गाड्यांना सुटायला रूळच उरले नाहीत, आणि तीन पूल नदीत पडून आहेत. पण तो दोष गाड्यांचा आणि पुलांचा. माझा मजकूर जागच्या जागी आहे.

माझा जन्म इटली देशातल्या एका छापखान्यात झाला. चारशे बारा पाने, वर निळा पुठ्ठा. जन्मतःच मला एका स्टेशनच्या तिकीट खिडकीत ठेवण्यात आले. तिथे सहा वर्षे मी प्रामाणिकपणे सेवा केली. नंतर लढाई आली. एका सकाळी तिकीटबाबू आला नाही, दुसऱ्या दिवशी खिडकी नव्हती आणि तिसऱ्या दिवशी स्टेशन नव्हते. त्या विटांच्या ढिगातून मला एका काळ्यासावळ्या हाताने उपसून काढले. तो हात वारलूचा होता.

वारलू चांदा जिल्ह्यातला. रूळ टाकणाऱ्या पलटणीत खलाशी, म्हणजे मजूर, म्हणून सरकारने त्याला तिकडे नेले होते. एका म्हाताऱ्या इटालियन गार्डाने डबाबंद दुधाच्या मोबदल्यात त्याला माझे रकाने वाचायला शिकवले. त्याच गार्डाने त्याला एक नवे जोडपे दाखवले. दोघांच्या हातात मिळून एक पेटी होती. लग्न झाले की आमच्याकडे जोडपी अशी गाडीत बसून गावोगाव फिरतात, शेवटी व्हेनिसला जातात, असे तो खुणांनी म्हणाला. वारलूने ते जोडपे दिसेनासे होईपर्यंत पाहिले. मित्रांनो, माणसाने काय पाहावे यावर वेळापत्रकाचा ताबा नसतो.

लढाई संपल्यावर वारलूला छोट्या लाईनवर कोसमटोला स्टेशनात गँगमनची नोकरी मिळाली. कोसमटोल्याला एक फलाट, एक पाण्याची टाकी आणि सागाचे ओंडके, बांबू भरायची एक साईडिंग. गाड्या दिवसाला चार, एखादी वेळेवर आली तर लोक घाबरायचे. अशा ठिकाणी माझ्यासारख्याची किंमत कळणार कशी, अशी मला शंका होती. पण दसऱ्याला वारलू आपला घण, चावी आणि मला एका पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचा. नेपल्सच्या पानावर तो डाग अजून आहे.

चोपन्न साली वैशाखात वारलूचे लग्न झाले. तो छत्तीसचा, नवरी कौतिका एकोणीसची, वडशाजवळच्या चिचटोल्याची. लग्नानंतर आठच दिवसांनी वारलू मला घेऊन स्टेशनात गेला आणि बडेबाबूंसमोर, म्हणजे स्टेशनमास्तरांसमोर, उभा राहिला.

रेल्वेच्या माणसाला वर्षातून एकदा फुकट पास मिळतो, बायकोसकट. गँगमन लोक तो काढून नागपूरला सासुरवाडीला जात, फार तर हावड्याला जाऊन येत. वारलूने अर्जात लिहवून घेतले: कोसमटोला ते व्हेनिस, नेपल्स, रोम, फ्लॉरेन्स, बोलोन्यामार्गे.

"बाबूसाहेब, हावड्याचा पास भेटते, तं तिकडचा काऊन नाई भेटणार? तिथचे रूळ म्याच टाकले हायत."

बडेबाबू शिकलेले गृहस्थ होते. कोसमटोल्यात त्यांना करमत नसे. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. एका वाक्यात त्यांना तो परत करता आला असता. पण मग पुढचे सहा महिने काय करायचे?

"वारलू," ते गंभीरपणे म्हणाले, "रेल्वे म्हणजे एकच घर आहे. रूळ काय देश पाहून टाकतात? मी वर पाठवतो. याला हनिमून म्हणतात, माहीत आहे ना?"

"हो जी. पाहून आलो हाय."

"आणि समुद्र?"

"मागच्या बारी सरकारनं फुकटच नेलं होतं."

बाबूंनी मान डोलावली. त्या दिवसापासून माझा सुवर्णकाळ सुरू झाला. मला लाल कापडाचे वेष्टण शिवले गेले. रोज दुपारी वारलू मला मांडीवर घेई आणि कौतिकेला समोर बसवी. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून तोंडपाठ.

"नेपल्स?"

"सात धा."

"रोम?"

"नऊ पस्तीस. उतराचं नाई, गाडी थांबते तोवर पानी भराचं."

"फ्लॉरेन्स?"

इथे कौतिका अडे. मग भाकरीचे टोपले वारलूच्या मागे जाई आणि फ्लॉरेन्स आठवेपर्यंत तिथेच राही. तिला ते एकदा संध्याकाळपर्यंत आठवले नाही. मी मांडीवर उघडेच होते, बारा चाळीस हे आकडे तिच्यापासून हातभर अंतरावर होते. पण तिला वाचता येत नव्हते आणि मला बोलता येत नव्हते. येत असते तरी मी सांगितले नसते. पाठांतराला शिस्त लागते.

आषाढात बाबूंना मजा कमी पडू लागली. त्यांनी वारलूला बोलावून एक कागद दाखवला. तो मालगाडीच्या वाघिणींचा तक्ता होता, पण वारलूला इंग्रजी येत नव्हते. बाबू म्हणाले, इटलीहून उत्तर आले आहे. पास मंजूर होईल, पण एक अट आहे. बोलोन्याला गाडी बदलायला अकरा मिनिटे मिळतात. नवरीला तेवढ्यात सामानासकट गाडी बदलता येते की नाही, याची परीक्षा इथेच घेऊन निकाल कळवायचा.

अकरा मिनिटे ही गोष्ट खरी आहे. पान दोनशे सात.

मग दर रविवारी, बाजाराच्या दिवशी, परीक्षा होऊ लागली. फलाटावरून कौतिकेने डोक्यावर पेटी घेऊन निघायचे, टाकीला वळसा, साईडिंगचे रूळ ओलांडायचे, ओंडक्यांच्या ढिगाला फेरी मारून सिग्नलच्या खांबाला हात लावायचा आणि परत यायचे. पेटीत माझ्याबरोबर वारलूने दोन पायली धान भरले होते, म्हणजे वजन खऱ्यासारखे वाटावे. बाबू घड्याळ घेऊन खुर्चीवर बसत. बाजाराला आलेली माणसे टोपल्या खाली ठेवून दोन्ही बाजूंना उभी राहत.

"पळ बाई, गाडी चालली!"

"अवो, इंजिन शिट्टी मारून राह्यलं!"

"पदर सावर, साहेब लोक पाहून राह्यले!"

एकदा ती चिखलात पेटीसकट पडली. लोक इतके हसले की एकाच्या टोपलीतल्या कोंबड्या सुटल्या. बाबूंनी घड्याळ मिटले. "तेरा मिनिटे. गेली व्हेनिसची गाडी. पुढच्या रविवारी पुन्हा."

वारलूने तिला उठवले नाही. त्याने पेटी उघडून मी भिजले नाही ना ते पाहिले. माझ्या आयुष्यात इतकी आस्था मला कोणी दाखवली नव्हती. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

फाटकवाल्याची बायको सुगंधाबाई विहिरीवर कौतिकेचे गुडघे धूत होती. तिला राहवले नाही.

"अवो बाई, कुठचा पास न कुठची इटली. हे सारे तुमची मजाक करून राह्यले."

"मले मालूम हाय."

"मंग पळता काऊन?"

"आमच्या त्याईले सांगतलं तं मलेच मारतीन. पळलं की घटकाभरात संपते. घरी बसलं की दिवसभर फ्लॉरेन्स." कौतिकेने गुडघा पदराने टिपला. "मले फक्त मंडईले घरी जाऊ द्या म्हनाव. मंग मी व्हेनिसच्याही पुढं पळतो."

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. लेकीबाळी त्या दिवशी माहेरी येतात. लग्नानंतरच्या पहिल्या मंडईला लेक दिसली नाही, की गाव तिच्याबद्दल जे बोलायचे ते बोलून घेते. त्यातून कौतिकेच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. आश्विनात कौतिकेचा भाऊ पोचू न्यायला आला आणि ओट्यावर टोपी काढून बसला.

"भाटवे, दिवाळीनंतरच्या बुधवारी मंडई हाय आमची. बाईले पाठवा. माय म्हनते, तोंड दिसते तोवर एकदा पाहून घेतो."

"त्याच हप्त्यात निघाचं हाय आमाले," वारलू म्हणाला. "पंधरा दिवसांची रजा मंजूर झाली."

"कुठी निघाचं हाय?"

"व्हेनिसले."

पोचूने बहिणीकडे पाहिले. बहिणीने चुलीकडे पाहिले. पोचू चहा न घेताच गेला.

मंडईच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही निघालो. बाबूंनी डफडेवाला बोलावला होता. वारलूच्या गळ्यात हार, कौतिकेच्या गळ्यात हार, पेटीलाही हार. बाबूंनी लाख लावून बंद केलेला लिफाफा वारलूच्या हातात दिला.

"पास यात आहे. गोंदियाला मोठ्या लाईनच्या साहेबाशिवाय कोणी फोडायचा नाही. सील तुटले की पास बाद."

वारलू त्यांच्या पाया पडला. बाबूंनी आशीर्वाद दिला आणि रुमालाने डोळे पुसले. हसूनही डोळ्यांना पाणी येते.

दुपारी वडसा आले. पोचू फलाटावर उभा होता. तो डब्याच्या खिडकीला लोंबकळला.

"बाई, उतर! बैलं जुपून खासर आनली हाय. माय वाट पाहून राह्यली."

कौतिका उठली. वारलूने तिचे मनगट धरून खाली बसवले.

"पहिला बदल गोंदियाले हाय."

गाडी हलली. पोचू थोडा पळाला, मग थांबला. कौतिकेने त्याच्याकडे पाहिले नाही. ती ओठ हलवत काहीतरी मोजत होती. मला वाटले, फ्लॉरेन्स.

गोंदियाला वारलूने मोठ्या लाईनच्या तिकीट तपासनिसाला सलाम करून लिफाफा दिला. साहेबाने लाख फोडली. आत खराखुरा पास होता, सही-शिक्क्याचा: कोसमटोला ते गोंदिया व परत, दोन इसम. खाली बाबूंनी सुबक अक्षरात एक ओळ जोडली होती. इसमास वेळापत्रक दाखवण्यास सांगावे, करमणूक होईल.

साहेबाने ती मोठ्याने वाचली. आजूबाजूला माणसे जमू लागली.

"दाखव बाबा, कोणते वेळापत्रक?"

वारलूचा चेहरा अजून उजळलेलाच होता. त्याला वाटले, तपासणी सुरू झाली. "कौतिके, किताब काढ," तो मागे न वळता म्हणाला. मग वळला.

मागे कौतिका नव्हती, पेटीही नव्हती.

मी पेटीत होते, आणि पेटी डोक्यावर होती. कौतिका पळत नव्हती, चालत होती, पण असे चालणे मी इटलीतही पाहिले नव्हते. पुलाच्या पायऱ्या, मोठी लाईन, पाण्याचा नळ, छोट्या लाईनचा फलाट, सुटायला आलेली वडशाची गाडी. पाच मिनिटे. तिकीट नव्हते, पण हार घातलेल्या बाईला कोणी तिकीट विचारत नाही.

चिचटोल्यात पोचल्यावर आईने तिचे तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवले. "दिसत नाई व माय," ती म्हणाली. "आवाज कर."

कौतिकेने आवाज केला. मला तो आवाज परिचयाचा नव्हता. सहा महिने मी फक्त शहरांची नावे ऐकली होती.

तिथे माझे जे झाले ते मी थोडक्यात सांगते. घरात कागद नव्हता. रोम लोणच्याच्या बरणीवर बांधले गेले. फ्लॉरेन्समध्ये चारोळी बांधली. बोलोन्याने पोचूने चूल पेटवली. मी चारशे बारावरून तीनशे चाळीसवर आले.

सोमवारी वारलू आला. वडशाहून पायदळ, म्हणजे पायी चालत, आला होता. सासूने चाचपडत पाट मांडला. तो बसला नाही.

"माहा किताब कुठी हाय?"

कौतिकेने मला आणून दिले. त्याने पाने उलटली, पुन्हा उलटली, आणि तिथेच अंगणात खाली बसून रडू लागला. लग्नात तो रडला नव्हता, गोंदियाला लोक टाळ्या वाजवून हसत होते तेव्हाही रडला नसेल. रडत रडत तो म्हणाला, "नेपल्सच्या पुढं कसं जाचं आता?"

"पायदळ जा," कौतिका म्हणाली.

मग गावातली चार मोठी माणसे बसली. रेल्वेतला जावई रोज मिळत नाही, असे त्यांचे मत पडले. पोरीने जावे. सासूने फक्त एक विचारले.

"जवाई, परवाची मंडई होऊ द्या. दोन दिवस ठेवा तिले. तुमाले तं रजा हाय न?"

वारलूने डोळे पुसले आणि मला काखेत मारले.

"रजा इटलीची हाय. मंडईची नाई."

त्याच संध्याकाळी ती त्याच्या मागोमाग वडशाला गेली. पेटी तिच्या डोक्यावर होती. या वेळी तिची मिनिटे कोणी मोजली नाहीत.

मित्रांनो, जुन्या छापील वस्तूंची निगा राखा. त्यांना चुलीत घालू नका, बरणीवर बांधू नका. एखादे पान फाटले की त्यावरची गावे माणसाला पुन्हा सापडत नाहीत, आणि मग तो समोरच्यावर राग काढतो. मला कोसमटोल्याला परत फळीवर ठेवले आहे, लाल वेष्टण काढून. ते आता बाबूंच्या टेबलावरची घंटी पुसायला वापरतात. वारलू मला उघडत नाही. रविवारी बाजाराची माणसे अजून फलाटावर थोडी रेंगाळतात, मग निघून जातात.

चिचटोल्याची मंडई बुधवारी भरली. वारलूची रजा त्यानंतर नऊ दिवस उरली होती. ती त्याने घरी बसून काढली.